तिसऱ्या गटातला

एक्केचाळीस नंबरची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि तिचा हात थांबला. ही आपण पाहिलेली आहे. काचेवर नाव नव्हतं, वय नव्हतं, तारीख नव्हती. कडेला नुसता आकडा. संशोधनाचा नियमच तसा होता. पंधरा वर्षांतल्या जुन्या गाठी कपाटांतून बाहेर काढायच्या, त्यांचे नव्याने पातळ काप काढायचे, त्यांना नवे रंग द्यायचे, आणि जो वाचणार त्याला माणसाचा पत्ता लागू द्यायचा नाही. चाळीस स्लाइड्स तिने तशाच वाचल्या होत्या. कुणाची असेल, असं एकदाही मनात आलं नव्हतं. पण हिचा वरचा डावा कोपरा तुटलेला होता, मधोमध एक रक्तवाहिनी स्वल्पविरामासारखी वळली होती, आणि खाली कडेला निरोगी पेशींचं एक बेट एकटंच राहून गेलं होतं. काप थोडा खोल गेला असावा, कारण बेट पूर्वीपेक्षा लहान झालं होतं. गर्दीत पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखू यावा तशी तिने ती स्लाइड ओळखली. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. शेजारच्या खोलीत काप काढायच्या यंत्राचा एकसुरी आवाज चालू होता आणि कुणीतरी फोनवर, “अहो, रिपोर्ट उद्या, उद्या,” असं समजावत होतं. ही आपल्या लिफ्टवाल्याची गाठ होती. तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

लिफ्टवाला हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. धाकटीने घरी सांगितलं, लग्न ठरवलंय, मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, तेव्हा वडील पेपर खाली न ठेवता म्हणाले होते, “कोण हा लिफ्टवाला?” आणि तेच नाव त्याला चिकटलं. त्यालाही ते आवडायचं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा वडिलांनी मुद्दाम खोचून विचारलं, नेमकं काम काय करता? तर म्हणाला, “लोकांना वर पोचवतो.” वडील दचकले. मग तो म्हणाला, “आणि परत खालीही आणतो, काळजी करू नका.” त्या दिवशी वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि लग्नाचं बोलणं तिथेच संपलं. तिला तेव्हा डॉक्टर होऊन चार वर्षं झाली होती. मोठी, शहाणी, घरातली अक्कल. तो तिला पहिल्या दिवसापासून “ताई” म्हणायला लागला आणि धाकटीपेक्षा जास्त वेळा म्हणायचा. घरात बल्ब गेला तरी तोच यायचा, शिडीवर चढून वरून तिला विचारायचा, “ताई, मेलेल्या माणसाचं तुम्ही बघता की जिवंत माणसाचं?” ती सांगायची, अरे बाबा, जिवंत माणसाचा तुकडा बघतो आम्ही, तो माणूस जिवंत राहावा म्हणून. “म्हणजे आमच्यासारखंच,” तो म्हणायचा. “आम्ही दोर बघतो.”

तिने स्लाइडची जागा थोडी बदलली आणि रंग वाचायला घेतला. काम सोपं होतं. पेशीच्या केंद्रात एक विशिष्ट प्रथिन आहे की नाही, एवढंच बघायचं. असेल तर केंद्र तपकिरी, नसेल तर फिकट निळं. स्वादुपिंडातल्या या गाठी, हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या, दिसायला भारी सज्जन. शाळेतल्या शहाण्या मुलांसारख्या ओळीत बसलेल्या. त्यातल्या काही वीस वर्षं एका जागी बसून राहतात आणि काही चार वर्षांत माणूस नेतात, आणि बाहेरून दोन्ही सारख्या. म्हणून तर हे संशोधन. कुठल्या पेशीत कुठली जनुकं जागी आहेत, कुठली झोपलेली, ते बघून गाठींचे गट पाडायचे. तीन गट पडत होते. पहिला गट जवळजवळ कुठे जात नाही, दुसरा मधला, तिसरा आज ना उद्या लिव्हरला जातो. ही वाटणी कॉम्प्युटर करत होता आणि ती चार साध्या रंगांनी ताडून बघता येते का, हे तिने तपासायचं होतं. स्वल्पविरामाच्या भिंतीतल्या पेशी तपकिरी होत्या, छान, ठळक. म्हणजे रंग नीट लागला होता. बेटही तपकिरी. आणि त्यांच्यामध्ये पसरलेल्या गाठीच्या हजारो पेशी फिकट निळ्या. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. एकही तपकिरी नव्हती. दुसरा रंग पाहिला, तिसरा, चौथा. मग कागदावर चार रकाने भरले. सदतीस वर्षांची सवय.

दहा वर्षांपूर्वी त्याला मूतखड्याचा त्रास झाला म्हणून पोटाचा स्कॅन काढला होता. खडा बारीक होता, आपोआप पडून गेला. पण स्वादुपिंडाच्या शेपटाशी अडीच सेंटिमीटरची एक गाठ दिसली. ऑपरेशन झालं, आणि गाठ तिच्याच विभागात आली. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण द्यायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम; सही सहकाऱ्याने केली. पण बघितलं तिने. त्या दिवशी दार लावून घेऊन बघितलं. किती पेशी विभागताहेत ते मोजायचं असतं; शंभरात दोनहून कमी असतील तर गाठ सगळ्यांत खालच्या पायरीची. तिने दोन हजार पेशी मोजल्या. एकवीस निघाल्या. शंभरात एक. धाकटी जिन्यात उभी होती, लिफ्टजवळच्या गर्दीत तिला श्वास घेता येत नव्हता म्हणून जिन्यात. तिने दोन पायऱ्या वरूनच सांगितलं, “गरीब गाय निघाली. सुटलो आपण.” धाकटी मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं, आणि दोघींपैकी कुणाकडेच रुमाल नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस लिफ्टवाला पोटावरच्या टाक्यांना ‘गोठा’ म्हणायचा. वर्षातून एकदा स्कॅन करायचा, असं ठरलं. पहिला स्वच्छ आला, दुसरा स्वच्छ आला. पुढचे झालेच नाहीत. तिला ते बऱ्याच उशिरा कळलं. त्यानेच सोडून दिलं असेल, असं तिने धरलं होतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी तो पिवळा दिसायला लागला आणि स्कॅनमध्ये लिव्हर मोहरीचा डबा सांडावा तसं दिसलं. तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, धाकटीने तिला विचारलं होतं, “ताई, तू नीट बघितलं होतंस ना?”

“हो,” ती म्हणाली होती. आणि गाडीची किल्ली शोधायला लागली होती.

ते वाक्य मग तिच्याबरोबर राहायला आलं. सकाळी चहाचं पाणी ठेवताना, दात घासताना, विद्यार्थ्यांना शिकवताना. ती कपाटातून ती स्लाइड काढायची आणि पुन्हा मोजायची. एकदा एकोणीस आल्या, एकदा तेवीस, एकदा एकवीस. सात वेळा मोजलं तिने. दरवेळी गाय. एकदा तर तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाची असावी आणि अदलाबदल झाली असावी, आणि ती आशा इतकी हावरी होती की तिची तिलाच लाज वाटली. धाकटीने पुन्हा कधी विचारलं नाही. भांडण झालं नाही, अबोला नाही. वाढदिवसाला फोन यायचा, ताप आला तर चौकशी व्हायची. फक्त धाकटी पूर्वी विनाकारण फोन करायची, ‘अगं, आज काय झालं माहितेय?’ म्हणून, ते बंद झालं. आता त्या दोघी एकमेकींशी एकाच इमारतीत राहणाऱ्या बायकांसारख्या बोलत होत्या.

दुपारी संशोधनाचं काम बघणारा सहकारी आला. चाळिशीचा, उत्साही, बोलताना पेन उघडझाप करणारा. तिचा कागद त्याने स्वतःच्या यादीशी लावून पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, कमाल! एकूणएक जुळताहेत.” तिने विचारलं, एक्केचाळीस कुठे गेला? त्याने बोट फिरवलं. “तिसरा. एकदम तिसऱ्याच्या मधोमध. सुंदर केस आहे. अडीच सेंटिमीटर, खालची पायरी, वरून अगदी निष्पाप. हा बघून कुणीही फसलं असतं.” तो पुढे काहीतरी सांगत होता, तिसऱ्या गटातल्या बहुतेकांचं सहा वर्षांच्या आत लिव्हरला गेलेलं, आता अशांना सुरुवातीपासून वेगळं धरता येईल. ती “कुणीही” या शब्दापाशीच थांबली होती. कुणीही फसलं असतं. तिच्या छातीतून काहीतरी उतरलं, अगदी शरीराने कळेल असं, ओला कोट काढल्यासारखं. सहा वर्षांनी पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखी भूक लागली. डब्यातलं सगळं तिने उभ्याउभ्या खाल्लं. आणि हात धुताना तिच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतो आहोत. नळ तसाच वाहत राहिला. माणूस गेला तो गेलाच होता. तिसऱ्या गटाच्या मधोमध गेला होता. पण ती गुणगुणत होती, आणि तिला धाकटीला सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता, रिपोर्ट हातात घेऊन जिन्याकडे धावली होती त्याच पायांनी. नावाशिवायच्या स्लाइडचं बाहेर बोलायचं नसतं, हेही तिला माहीत होतं. सदतीस वर्षांत तिने असा नियम मोडला नव्हता. तिने पर्स घेतली.

धाकटी कवळ्या बनवते. एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली आहे, उत्तरेला मोठी खिडकी, कारण दातांचा रंग दिव्याच्या उजेडात फसवतो. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलेला आकडा, मेणाचा आणि हिरड्या घडवायच्या गुलाबी मिश्रणाचा डोक्यात जाणारा वास. ती आत गेली तेव्हा धाकटीच्या हातात वरची कवळी होती आणि ती बारीक फिरत्या चाकाने तिची कड घासत होती. तोंडावरचा मास्क खाली न करता तिने भुवया वर केल्या. “तू? या वेळी? सगळं ठीक?” ताईने स्टूल ओढलं. “ठीक आहे. सांगायचं होतं एक.” आणि तिने सांगितलं. विद्यार्थ्यांना सांगते तसं, क्रमाने. जुन्या गाठी, नवे रंग, तीन गट, तुटलेला कोपरा. फिकट निळ्या पेशी. “म्हणजे ती पहिल्या दिवसापासूनच तशी होती,” ती म्हणाली. “दिसायला गाय, पण आतून नाही. आणि तेव्हा ते बघायचा काही मार्गच नव्हता आमच्याकडे. मी कितीही मोजलं असतं तरी दिसलं नसतं.”

धाकटीने चाक बंद केलं.

“म्हणजे तुझं चुकलं नव्हतं.”

“नाही.”

“बरं झालं,” धाकटी म्हणाली. तिने कवळी खिडकीकडे धरून पाहिली, बोटाने कड चाचपली. “पण मी कधी म्हटलं होतं चुकलं म्हणून?”

“तू विचारलं होतंस. नीट बघितलंस का म्हणून.”

“विचारलं होतं.” धाकटीने मास्क काढला. तोंडाभोवती त्याची रेघ उमटली होती, आणि ती एकदम म्हातारी दिसली. “अगं, मी काय तुला जाब विचारत होते? माझ्या पायाखालची जमीन गेली होती. मला वाटलं, तू म्हणशील, चल, आपण परत बघू. किंवा नुसती रडशील. तू हो म्हणालीस आणि किल्ली शोधायला लागलीस.” मग आवाज न चढवता म्हणाली, “नऊ आठवडे तो घरी होता, ताई. तू दर रविवारी यायचीस. फाइल बघायचीस, औषधं बघायचीस, पायावरची सूज बोटाने दाबून बघायचीस. आणि जायचीस. तो मला विचारायचा, ताई पाच मिनिटं टेकत का नाहीत? मी म्हणायचे, तिला कामं असतात. एकदा म्हणाला, ताईंना सांग, मी त्यांना काही विचारणार नाही. नुसतं बसा म्हणावं. मी नाही सांगितलं तुला. मला राग आला होता.”

तिला ते रविवार आठवत होते. तिला पडद्याची कड आठवत होती, औषधांच्या पट्ट्या, त्यांवरच्या तारखा, पाण्याचा तांब्या. सूज दाबल्यावर उमटणारा खड्डा किती सेकंदांनी भरतो, तेही आठवत होतं. त्याचा चेहरा काही केल्या येईना. शेवटच्या नऊ आठवड्यांतला त्याचा चेहरा तिच्याकडे नव्हताच. शिडीवरून वाकून बोलणारा होता, टाक्यांना गोठा म्हणणारा होता, आणि मग एकदम काही नाही. तो आपल्याला विचारेल, या भीतीने तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. आणि त्याला ते कळलं होतं. आजारी माणसाने तिची समजूत घातली होती, आणि ती समजूतही तिच्यापर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. समोर प्लास्टरचे जबडे अर्धवट उघडे पडून होते.

“या तिसऱ्या गटातल्या लोकांना,” धाकटीने मध्येच विचारलं, “आता किती दिवसांनी स्कॅन करायला लावतात?”

“सहा महिन्यांनी. निदान आम्ही तसं सुचवणार आहोत.”

“का?”

“म्हणजे लिव्हरला गेलं तर लवकर सापडतं. एकदोन ठिकाणी असेल तर काढताही येतं.” ती हे बोलून गेली आणि मग तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी अगदी स्थिर बसली होती. कवळी मांडीवर उताणी पडली होती.

“तिसऱ्या वर्षीचा स्कॅन मी रद्द केला होता,” धाकटी म्हणाली. “त्याने नाही, मी. त्याला सांगितलं, हॉस्पिटलचं मशीन बिघडलंय, ते कळवतील. कुणी कळवलं नाही, कारण मीच त्यांना फोन करून नको म्हटलं होतं. तुला माहीत नाही ते दिवस कसे असायचे. तारीख आली की पंधरा दिवस आधीपासून तो जेवायचा नाही, नीट बोलायचा नाही, आरशासमोर उभा राहून पोट बघायचा. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी जोरात कप ठेवला तरी दचकायचा. आणि तू म्हणाली होतीस, गाय आहे. मग म्हटलं, एक वर्ष, एकच वर्ष त्याला मोकळं जाऊ दे. त्याच्या पुढच्या वर्षी मग त्यानेच टाळलं, आणि मीही काही बोलले नाही. मी स्वतःला सांगायचे की गायच होती, अचानक उलटली. काही करता आलं नसतं. त्यावर काढली मी ही सहा वर्षं.” तिने नजर वर केली. “आता तू म्हणतेस, पहिल्यापासून तशी होती. मग मला सांग. तिसऱ्या वर्षी दिसलं असतं?”

आपण इथे काय घेऊन आलो, ते तिला तेव्हा कळलं. स्वतःचं ओझं उतरवायला ती दोन बस बदलून आली होती, आणि ते खाली ठेवायला जागा म्हणून तिला या खोलीतली हीच एक मांडी सापडली होती. उत्तर तिला माहीत होतं. ते डोक्यात आपोआप तयार झालं, तिच्या इच्छेची वाट न पाहता. चौथ्या वर्षाच्या शेवटी लिव्हरमधली सगळ्यांत मोठी गाठ सहा सेंटिमीटर. अशा गाठी कोणत्या गतीने वाढतात, त्यावरून मागे यायचं. तिसऱ्या वर्षाच्या त्या महिन्यात ती वाटाण्यापेक्षा मोठी, बोराएवढी असणार. एक, फार तर दोन. स्वच्छ दिसली असती. कापून काढता आली असती. तो आणखी पाच वर्षं, कदाचित दहा. आयुष्यभर तिने कुणाला आकडा खोटा सांगितला नव्हता. ज्या एका आकड्यावर तिने सहा वर्षं झोप घालवली तोही खरा होता, एकवीस.

“नाही,” ती म्हणाली.

“नक्की?”

“तेव्हा लिव्हरमधल्या गाठी कणाएवढ्या असणार. स्कॅनमध्ये येत नाहीत. मी दिवसभर हेच बघते आहे, मला माहीत नसेल का? तू रद्द केला नसतास तरी रिपोर्ट स्वच्छच आला असता. आणि तो पंधरा दिवस जेवला नसता, ते वेगळंच.”

धाकटीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी ताईने साखर खाल्ली की धाकटीला लगेच कळायचं, आणि ती आईला सांगायची नाही, नुसती बघत राहायची. आता तिने काय ओळखलं ते कळायला मार्ग नव्हता. तिने कवळी टेबलावर ठेवली, हातांना लागलेला गुलाबी भुगा फडक्याला पुसला, एकेक बोट करून. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची काच पुसायला दोन माणसं झोपाळ्यावरून खाली येत होती. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त एक जण हसताना दिसला. ताई उठली नाही. तिच्याजवळ पुढे सांगायला काही नव्हतं, सांत्वन करण्याचा हक्कही नव्हता. रिपोर्ट नव्हता, फाइल नव्हती. मग तिने असा प्रश्न विचारला, जसा तिने नऊ आठवड्यांत, आणि त्यानंतर सहा वर्षांत, कधी विचारला नव्हता.

“मग काय केलंत त्या दिवसांत? स्कॅनला गेला नाहीत तेव्हा?”

धाकटीच्या कपाळावर आठी पडली, जणू प्रश्न भलत्याच भाषेत होता. मग ती मऊ झाली.

“तळ्यावर गेलो होतो,” ती म्हणाली. “त्याच्या कंपनीतल्या एकाचं छोटं घर होतं तिथे. आठ दिवस. काही नाही गं, नुसतं राहिलो. पहिल्या दिवशी त्याने तिथलं दार करकरतं म्हणून तेल घातलं, मग खिडक्यांना घातलं, मग शेजाऱ्यांच्या दाराला. मी म्हटलं, सुट्टीवर आलाय की ड्यूटीवर? पोहायला येत नव्हतं त्याला. मी पोहायचे आणि हा काठावर पँट दुमडून पाण्यात पाय सोडून बसायचा आणि मोठ्यांदा मोजायचा, मी किती हात मारले ते. मोजताना चुकायचा आणि कबूल करायचा नाही. दुपारी जेवून आम्ही आडवे व्हायचो.” तिचा हात फडक्यावर तसाच राहिला होता. “ऑपरेशन झाल्यापासून तो पोटावर हात ठेवून झोपायचा, ताई. झोपेतसुद्धा. मी काढून बाजूला ठेवला तरी परत यायचा तिथेच. तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी मी जागी झाले आणि बघितलं, तर हात डोक्यावर. दोन्ही. लहान पोरासारखे वर टाकलेले. मी उठले नाही, हलले नाही, मला भीती वाटली की जागा होईल. ऊन पायावर आलं, मग गुडघ्यापर्यंत आलं, तरी मी तशीच बघत पडले. आठही दिवस तो तसाच झोपला.”